सेकंड हँड बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्यावी की ३३०आय? आणि घेतली तर चालवायची कशी?

मुळाकाठचा (पुणे):

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारूनच टाकतो. सध्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आहे, गाडीबद्दल काही तक्रार नाही, पण चाळिशीच्या आत एकदा तरी सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू घ्यायची असं कॉलेजपासून ठरवलेलं आहे आणि आता कुठे पैसे जमलेत. नवीन परवडणार नाही, म्हणून जुनीच बघतोय, बजेट ओढूनताणून पन्नास लाख.

दोन गाड्या मनात भरल्यात. एक एम३४०आय, २०२१ ची, ४१ हजार किमी, मुळात कंपनीच्या नावावर होती, आता दुसऱ्या मालकाकडून डीलरकडे आलीये. सर्व्हिस सुरुवातीला ऑथराइज्डला झालीये पण गेलं दीड वर्ष बाहेर कुठेतरी, आणि त्या बिलांचं विचारलं की डीलर "बघून सांगतो" म्हणतो. दुसरी ३३०आय एम स्पोर्ट, २०२० ची, २८ हजार किमी, नाशिकच्या एका डॉक्टरांची, पहिलेच मालक, सगळी फाइल व्यवस्थित, आणि किंमत पहिलीपेक्षा तब्बल पंधरा लाखांनी कमी. शिवाय एक एजंट दिल्लीची एम३४०आय दाखवतोय, ती इथल्यापेक्षा सात-आठ लाखांनी स्वस्त पडतेय.

वापर म्हणाल तर रोज हिंजवडी, महिन्यातून एकदा एक्सप्रेसवेने मुंबई, आणि सासर नागपूर असल्यामुळे वर्षातून दोन-तीनदा समृद्धी. बायकोचा गाडीला विरोध नाही, पण तिचा प्रश्न सरळ आहे, की एवढी ताकद आपल्या रस्त्यांवर करायचीये काय आणि दोन पोरं मागे बसणार आहेत त्याचं काय. मला यावर नीट उत्तर देता आलं नाही. तर घेताना काय बघू, आणि घेतल्यावर शहाण्यासारखी चालवायची म्हणजे नेमकं काय, दोन्ही सांगा.

ऑइल_फिल्टर (कोल्हापूर):

दादा, माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, जर्मन गाड्याच जास्त येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनाचं आधी. एम३४०आय मधलं बी५८ म्हणजे तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडर टर्बो, ३८७ हॉर्सपॉवर, ५०० एनएम, ० ते १०० ४.४ सेकंदात. ३३०आय मधलं बी४८ त्याच घराण्यातलं, पण चार सिलिंडरचं, दोन लिटर, २५८ हॉर्सपॉवर, ४०० एनएम, ५.८ सेकंद. दोन्ही इंजिनं दमदार आहेत, आधीच्या पिढ्यांसारखी कटकटी नाहीत. पण टायमिंग चेन दोन्हीत इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, म्हणजे त्या भागाचं काम निघालं तर उघडण्याचीच मजुरी मोठी. म्हणून गाडी बघायला सकाळी जा आणि डीलरला आधीच सांगून ठेव की मी येईपर्यंत स्टार्ट करायची नाही. गेल्यावर बॉनेटवर हात ठेव, कोमट लागलं तर समज की आधी चालू करून ठेवली होती, परत दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन चालू करताना पहिले चार-पाच सेकंद कान देऊन ऐक, मागून खडखड येते का.

ऑइलची पट्टी या गाड्यांना नसतेच, लेव्हल स्क्रीनवर बघायची. इंजिन गरम झाल्यावर मेनूतून लेव्हल काढ. ती मिनिममला टेकलेली असेल तर आधीचा मालक गाडीकडे किती बघत होता ते तिथेच कळतं. ऑइल फिल्टर हाउसिंगच्या आसपास आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेने ओल आहे का, कूलंटची टाकी खाली गेलीये का, हे टॉर्च लावून बघ.

आता एम३४०आयचं खास. या गाड्यांना स्टेज वन ट्यून (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) मारायचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि विकायच्या आधी स्टॉक फाइल, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, परत टाकतात. जून २०२० नंतर बनलेल्या गाड्यांचं ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कंपनीने लॉक केलेलं असल्यामुळे ट्यून करायला बहुतेक वेळा ते काढून टेबलावर घ्यावं लागतं. म्हणजे तुझ्या २०२१ च्या गाडीत ईसीयूचे बोल्ट आणि कव्हरची कड नीट बघ, स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे किंवा नवीन सीलंट दिसलं तर प्रश्न विचार. अजून एक खूण सांगतो. जुलै २०१९ नंतरच्या प्रत्येक गाडीला ८० ला बीप आणि १२० च्या पुढे सलग बीप सक्तीची आहे. टेस्ट ड्राइव्हला ८० पार करून बघ, बीप वाजलीच नाही तर कोणीतरी कोडिंग करून बंद केलीये. तेवढ्याने गाडी वाईट ठरत नाही, पण लॅपटॉप लागलेला आहे हे नक्की, मग अजून काय काय बदललं ते त्याला विचारायचंच.

टायर म्हणजे माझा सगळ्यात आवडता मुद्दा. एम३४०आय ऑल व्हील ड्राइव्ह आहे. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद, त्यामुळे पुढेमागे रोटेशन होत नाही. पैसे वाचवायला कोणी मागे एका कंपनीचे, पुढे दुसऱ्या कंपनीचे, किंवा मागे नवे आणि पुढे गुळगुळीत असे टाकले की पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात फरक पडतो, आणि ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा) क्लच सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतो. मग यू-टर्न घेताना किंवा हळू चालवताना गाडी हिसके देते. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवून हळूहळू आठ आकडा काढ, हिसका जाणवला तर ती गाडी सोड. स्टार मार्कचे (बीएमडब्ल्यूने मान्य केलेले) एकाच जातीचे चार टायर दिसले तर मालक जाणता आहे. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच, ३२२१ असेल तर २०२१ चा बत्तिसावा आठवडा.

बाकी पाण्यात गेलेली गाडी. डिसेंबर २०२३ ला चेन्नईत, आणि मुंबईत तर दर काही वर्षांनी, भारी भारी गाड्या बुडाल्या आणि साफसूफ होऊन दुसऱ्या राज्यात विकल्या गेल्या. वरून पॉलिश केलेलं काहीच सांगत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ, अगदी रीळ संपेपर्यंत, त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहिलेली असते कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही. सीटच्या खालचे रूळ, त्यांचे बोल्ट, गंज. ३ सीरिजची बॅटरी डिकीत असते, तिथलं झाकण उचल आणि कोपऱ्यात बोट फिरव, वाळलेला गाळ बोटाला लागतो. किलोमीटर मीटरमध्ये बदलता येतात पण आकडा अजून बऱ्याच मॉड्यूलमध्ये साठवलेला असतो, पूर्ण स्कॅन करणारा माणूस घेऊन जा, सगळे आकडे जुळले पाहिजेत.

कागद_आधी (ठाणे):

वर गाडीचं सगळं आलंय, मी कागदाचं सांगतो कारण लोक इंजिन दोन तास बघतात आणि आरसी दोन मिनिटं.

कंपनीच्या नावाची गाडी होती म्हणजे महाराष्ट्रात २० टक्के टॅक्स भरलेला असणार, तो एकदाच लागतो, तुम्हाला त्याचं काही नाही. पण कंपनीकडून दुसऱ्या मालकाच्या नावावर ट्रान्सफर खरंच झालंय का ते परिवहनच्या साइटवर बघा. कित्येकदा मधला "मालक" हा फक्त सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलायचे अर्ज) खिशात घेऊन फिरत असतो आणि आरसीवर अजून कंपनीच असते. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन किती थकलेत ते गाडी नंबर टाकून बघा. एक्सप्रेसवेच्या ढीगभर ओव्हरस्पीड चलनांची यादी निघाली तर गाडी कशी चालवली गेलीये त्याचा पुरावा सरकारनेच फुकटात दिला असं समजा.

दिल्लीच्या गाडीबद्दल स्पष्टच बोलतो, सोडून द्या. तिथून एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणायची, इथे वर्षभराच्या आत नवीन नंबर घ्यायचा, इथला टॅक्स परत भरायचा, तिकडचा परत मिळवायला वेगळ्या चकरा. एवढ्या किमतीच्या गाडीला तो टॅक्सच काही लाखांत जातो, वर एजंट, म्हणजे सात-आठ लाखांची बचत कागदावरच राहते. त्यात गाडी तुम्ही फोटोत बघून घेणार.

इन्शुरन्समध्ये दोन गोष्टी. समोरच्याचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम तो भरत होता त्यापेक्षा जास्त येणार हे बजेटमध्ये धरा. आणि पॉलिसी चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं कव्हर) मिळतंय का ते गाडीच्या वयावर आहे, पाच वर्षांच्या पुढे कंपन्या का-कू करतात, तर सौदा करायच्या आधीच कोटेशन मागवा. इंजिन प्रोटेक्ट घ्याच, इतक्या बुटक्या गाडीला मुंबईचा एक पाऊस पुरतो. मागच्या क्लेमची हिस्टरी मागा, मोठा बॉडी क्लेम असेल तर तिथे सापडतो.

नाशिकची_वाटसरू:

मी ३३०आय चालवते, तीन-चार वर्षं झाली, तर चालवण्याबद्दल मी लिहिते. वहिनींचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्यांना शब्दांत नको, तुमच्या चालवण्यात दिसायला हवं.

या गाडीचा खरा धोका तिची ताकद नाही, शांतता आहे. ऑक्टाव्हियात १२० ला वाऱ्याचा आवाज, टायरचा आवाज, सगळं सांगत असतं की वेग वाढलाय. इथे १४० ला मुलं मागे झोपलेली असतात आणि गाणं स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे वेग अंगाला कळत नाही, तो काट्यावरच बघावा लागतो. मी काय करते, हेडअप डिस्प्लेवर वेग कायम ठेवते आणि हायवेला लागलं की स्पीड लिमिटर लावून टाकते, एक्सप्रेसवेला १००, समृद्धीला १२०. घाटात एक्सप्रेसवेची मर्यादा ६० आहे, तिथे गाडी सहज ऐंशीने वळते म्हणून वळवायची नाही, कारण वळणाच्या पलीकडे ब्रेक तापलेला ट्रक उभा असू शकतो आणि त्याला तुमचं सस्पेन्शन किती भारी आहे याच्याशी काही घेणंदेणं नाही.

१०० वरून १४० म्हणजे चाळीसच वाढले असं वाटतं, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ती जवळजवळ दुप्पट होते. ऑल व्हील ड्राइव्हबद्दल एक गैरसमज इथेही दिसतो, की चार चाकं चालतात म्हणजे पावसात सेफ. ते पळताना मदत करतं, थांबताना काहीच नाही, ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात आणि पकड शेवटी टायरचीच. माझी ३३०आय मागच्या चाकांवर चालते, कसाऱ्यात पहिल्या पावसात रस्त्यावर ऑइलचा थर येतो तेव्हा मोड कम्फर्टवर, पाय हलका, वळणातून बाहेर पडून स्टिअरिंग सरळ झाल्याशिवाय अ‍ॅक्सिलरेटर नाही. ट्रॅक्शनचं बटण थोडं दाबलं की सिस्टीम ढिली होते आणि धरून ठेवलं की पूर्ण बंद, त्या बटणाला सार्वजनिक रस्त्यावर हात लावायचं काही कारणच नाही.

समृद्धीवर मला भीती वाटते ती टायरची आणि झोपेची. सातशे किलोमीटर सरळ रस्ता, काँक्रीट, मे महिन्याचं ऊन. निघायच्या आधी टायर थंड असताना दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, सामान आणि पोरं असतील तर फुल लोडचा आकडा. दर दोन तासांनी उतरायचंच, झोप येत नसली तरी. आणि संध्याकाळनंतर कुत्री, नीलगाय, काहीही आडवं येतं, तेव्हा १२० ची परवानगी असली तरी मी शंभरच्या खाली असते.

शहरात अजून वेगळं. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला भरधाव पोर्शने दुचाकीला उडवलं ते आपण कोणी विसरलो नाहीये, दोन तरुण इंजिनिअर गेले. तेव्हापासून सिग्नलला असल्या गाडीकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर मला समजते. गल्लीत, शाळेसमोर, रिक्षा स्टँडजवळ तुमचा उजवा पाय कसा वागतो यावरच सगळं आहे. गाडीची चावी घरात दुसऱ्या कोणाला, भाच्या-पुतण्याला, "एक राउंड" म्हणून द्यायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घालून घ्या.

मुळाकाठचा:

ताई, तुमचा रिप्लाय बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली आधी हे सगळं पाळणार असशील तर बोलू. दिल्लीची गाडी रद्द, कागदवाल्या दादांचे आभार. आता खर्चाचं कोणी सांगा, आणि पेट्रोल, आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे त्याचं काय करता? आणि खरं सांगू, ३३०आय डोक्याला पटतेय पण सहा सिलिंडरचा आवाज ऐकल्यापासून झोप नाही.

इनलाइन_सहा (डोंबिवली):

माझ्याकडे एम३४०आय आहे, तेव्हा तुझी झोप का उडाली ते मला कळतं. थंड सकाळी चालू केल्यावर जो आवाज येतो त्यासाठी मी ही गाडी घेतली आणि आजही घेईन. पण तुझं बजेट "ओढूनताणून" आहे हा शब्द मला खटकला.

खर्च सांगतो. शहरात ७-८ चं अ‍ॅव्हरेज, हायवेला पाय सांभाळला तर १२-१३. टायर रन-फ्लॅट, चारांचे लाखाच्या वर जातात आणि आपल्या खड्ड्यात साइडवॉलला फुगा आला की टायर फेकायचाच, पंक्चर नाही काढता येत. रन-फ्लॅट हवा गेल्यावर ८० किमीपर्यंत ८० च्या वेगाने चालतो, त्यामुळे रात्री कुटुंबासोबत अडकत नाही, हा फायदा मी पैशात मोजत नाही. ऑइल कंपनी सांगते त्यापेक्षा लवकर बदलतो, आठ-दहा हजारांत किंवा वर्षातून एकदा, टर्बो गाडीला ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी आणि तास जास्त होतात. गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" म्हणतात पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किमीच्या दरम्यान बदला म्हणते, मी तिचं ऐकणार.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं भरतो, टर्बो इंजिनाला उन्हाळ्यात घाटात त्याचा उपयोग आहे. शंभर ऑक्टेन रोज भरायची काही गरज नाही. ई२० बद्दल घाबरण्याआधी पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाच, गाडी किती इथेनॉलला बनलीये ते तिथे लिहिलेलं असतं, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नको.

चालवताना एकच गोष्ट न चुकता करतो. स्पोर्ट डिस्प्लेमध्ये ऑइलचं तापमान दिसतं. कूलंट लवकर गरम होतं, ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो. ते ९० च्या आसपास येईपर्यंत तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही, माझ्या घरापासून कल्याण फाट्यापर्यंत तरी गाडी आजोबांसारखीच चालते. जोरात चालवायची हौस असेल तर कोइम्बतूरजवळ करी स्पीडवेला ट्रॅक डे होतात, हेल्मेट घालून, समोरून कोणी येणार नाही अशा ठिकाणी. मी एकदा जाऊन आलो. गाडी किती पळते ते तिथे बघितलंच, पण मला सुरक्षितपणे किती जमतं हेही तिथेच कळलं आणि तेव्हापासून रस्त्यावर घाई गेली.

निर्णयाचं म्हणशील तर पन्नासातून गाडीत पंचेचाळीस टाकून पाच बाजूला राहत असतील तरच एम३४०आय. सगळे पन्नास गाडीतच जाणार असतील तर डॉक्टरांची ३३०आय.

ऑइल_फिल्टर:

मी जरा वेगळं म्हणतो. गाडी स्वच्छ निघाली तर एम३४०आय चांगली, किंमतही धरून ठेवते. पण दीड वर्षाची बिलं गायब आहेत आणि ट्यून मारून गाडी चालवली असेल तर ती याच दीड वर्षात. बिलं आली नाहीत तर माझंही मत ३३०आय.

श्टुटगार्टवरून_सुहास:

मी इथे ऑटोबानवर रोज चालवतो म्हणून एक भर घालतो. बिनमर्यादेच्या पट्ट्यावरही इथे १३० हा शिफारस केलेला वेग आहे, आणि त्याच्या वर चालवताना अपघात झाला तर चूक तुमची नसली तरी काही जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. आणि इथे वेग चालतो तो गाड्यांमुळे नाही, उजवीकडून कोणी ओव्हरटेक करत नाही, डाव्या लेनमध्ये (इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून ओव्हरटेकची लेन डावीकडे) कोणी रेंगाळत नाही, उलट्या दिशेने बाइक येत नाही म्हणून. पुण्याला सुट्टीत येतो तेव्हा मी ह्याच्या निम्म्या वेगाने चालवतो.

मुळाकाठचा:

ठरलं. शनिवारी सकाळी एम३४०आय थंड बघणार, स्कॅनवाला मित्र सोबत. रविवारी नाशिक. एकच अडचण, डीलर म्हणतो लिफ्टवर घ्यायला गाडी बाहेर सोडणार नाही, आधी दोन लाख टोकन द्या.

कागद_आधी:

टोकन द्यायचं नाही. फार तर दहा हजार, तेही पावतीवर "तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत" असं लिहून सही-शिक्का घेऊन, बँकेतून, कॅश नाही. गाडी लिफ्टवर सोडत नसेल तर शनिवारीच नाशिकला निघा.

नाशिकची_वाटसरू:

रविवारी येताय तर सकाळी लवकर निघा, आठनंतर ट्रक वाढतात. आणि वहिनींना घेऊन या, मागच्या सीटवर बसून त्यांनाच ठरवू दे.